तेवीस ग्रॅम डिझेल

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार. रक्कम रुपये साडेतीनशे, तपासणीची मजुरी, रोख मिळाली. हजर माणसं तीन: ट्रकमालक दिलीपशेठ, त्यांचे ड्रायव्हर काशिनाथमामा आणि मी. शेजारचे रेडिएटरवाले हमीदभाई त्यांच्या दुकानात होते, पण त्यांना आम्ही बोलावलं नव्हतं, म्हणून हजर धरत नाही. बोलावलं असतं तर पुढचं काही लिहायची वेळ आली नसती.

मी गाड्यांचं वायरिंगचं काम करतो. जळगाव रोडला, हर्सूलच्या अलीकडे, दहा बाय बाराचं दुकान आहे. एकोणतीस वर्षं झाली. हल्लीच्या गाडीला लॅपटॉप जोडला की ती स्वतःच आपलं दुखणं सांगते. माझ्याकडे येतात त्या न सांगणाऱ्या गाड्या. प्रत्येक गाडीचा नंबर, तारीख आणि मीटरवर आलेला आकडा मी वहीत लिहितो. अशा चौतीस वह्या झाल्यात. बायको म्हणते, "लेकीच्या लग्नाचा आल्बम कुठं ठेवलाय ते माहीत नाही तुम्हाला, पण कुणाच्या टेम्पोचे किती व्होल्ट, ते तोंडपाठ." खरं आहे.

डिझेलच्या काट्याचं काम सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. टाकीत एक पितळी डबी डिझेलवर तरंगते. तिला आम्ही फ्लोट म्हणतो. कोंबडीच्या अंड्याहून जरा मोठी असते, आतून पोकळ. ती एका दांडीच्या टोकाला असते. डिझेल कमी झालं की डबी खाली, डबी खाली गेली की दांडी खाली, आणि दांडीचं दुसरं टोक एका पट्टीवर घासत सरकतं. पट्टीच्या ज्या जागी ते टेकेल त्याप्रमाणं करंटला कमीजास्त अडथळा होतो, तो ओहममध्ये मोजतात. ह्या सगळ्याला मिळून टँक युनिट म्हणतात. तिथून एक तार केबिनमधल्या काट्यापर्यंत जाते. एवढंच.

बिघाड शोधायची रीतही सोपी आहे. युनिटवरची तार काढायची. काटा एका टोकाला गेला पाहिजे. तीच तार क्षणभर चेसीला टेकवायची. काटा दुसऱ्या टोकाला गेला पाहिजे. दोन्ही झालं तर काटा आणि तार निर्दोष, दोष युनिटमध्ये नाहीतर अर्थिंगमध्ये. जुन्या ट्रकमध्ये दहापैकी सात वेळा अर्थिंगच निघतं. गंजलेला स्क्रू घासून घट्ट केला की काम संपतं, आणि गिऱ्हाइकाला वाटतं आपण काहीच केलं नाही, पैसे कशाचे घेतले.

ह्या काट्यापायी तऱ्हेतऱ्हेची माणसं आली. बिडकीनचा एक जीपवाला म्हणाला, "मिस्त्री, काटा कायम खालीच राहील असं करून द्या."

"का हो?"

"मेव्हणे तीन हायेत. गाडी मागत्यात. काटा खाली दिसला की म्हणत्यात, ऱ्हाऊ द्या दाजी, आमी एस्टीनं जातो."

मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. काटा खोटा करायचा नाही, असा माझा नेम. हा किस्सा मी खूप जणांना अभिमानानं सांगत आलो. आता सांगताना तेवढा आवाज चढत नाही.

दिलीपशेठ सिल्लोडचे. मका आणि कापसाचा व्यापार, दोन ट्रक. त्यातला हा जुना, सहाचाकी, वडिलांनी घेतलेला. काशिनाथमामा त्यावर बावीस वर्षं. दिलीपशेठ कॉलेजात असताना गिअर टाकायला त्यांनीच शिकवलेलं, म्हणून शेठही त्यांना मामाच म्हणायचे. मामांचं घर खुलताबादच्या पलीकडं. मेंढरं राखणाऱ्या घरातले. बोलणं कमी. केबिनमध्ये सीटमागं एक बांबूची काठी असायची, कमरेएवढी, तिच्यावर चाकूनं पाडलेल्या खाचा. टाकीचं झाकण काढून काठी आत सोडायची, ओल कुठवर आली बघायची, खाचा मोजायच्या. प्रत्येक खाच वीस लिटरची. काटा चालू असला तरी मामा काठी टाकायचेच.

त्या ऑक्टोबरात मक्याचा हंगाम जोरात होता. शेठची पद्धत अशी, की ट्रक संध्याकाळी सिल्लोडच्या गोदामासमोर लागला की काटा बघायचा आणि सकाळी निघायच्या आधी पुन्हा बघायचा. संध्याकाळी अर्ध्यावर असलेला काटा सकाळी पावच्या खाली. एकदा नाही, आठ दिवसांत पाच वेळा. मामा ट्रकमध्येच झोपायचे. तेव्हा संशय कुणावर, हे सांगायला नको.

मामा म्हणत होते, डिझेल आहे तेवढंच आहे, काठी टाकून बघा. शेठ म्हणत होते, काठी तुमची, खाचा तुमच्या. शेवटी दोघं माझ्याकडे आले. शेठनी मला बाजूला घेतलं.

"मिस्त्री, मला लई वाईट वाटतंय. पण एकदा सोक्षमोक्ष होऊन जाऊ द्या. काटा खराब निघाला तर मी मामांचे पाय धरीन. नसेल खराब तर तसं लिहून द्या. तोंडी नको."

मी काम नीट केलं, आणि तिथंच चुकलो. दुसरा कुणी असता तर वरवर बघून "युनिट बदला" म्हणाला असता, आणि मामा सुटले असते. मी तार काढली, टेकवली, काटा दोन्हीकडे बरोबर गेला. अर्थिंग तपासलं, चोख. मग युनिट बाहेर काढलं, पेट्रोलनं धुतलं, आणि पुसून दुकानाच्या पायरीवर उन्हात वाळत ठेवलं. तीन तास. ओल्या युनिटचं माप मी घेत नाही, अशी माझी शिस्त. जेवण करून आलो आणि मोजलं: दांडी खाली असताना दहा ओहम, मध्ये नव्वद, वर एकशे ऐंशी. पुस्तकात असतात तसे आकडे. परत बसवलं. काटा अर्ध्यावर आला, शांत उभा राहिला.

मामा टाकीजवळ काठी धरून उभे होते. काठीही तेच सांगत होती, अर्धी टाकी.

"बगा, काटा न् काठी सारकंच बोलतंय," मामा म्हणाले.

"आत्ता बोलतंय, मामा," शेठ म्हणाले. "सकाळी का नाही बोलत?"

"सकाळी काटा खाली आस्तो. काठी वरच आस्ती. मिस्त्री, तुमी एकदा माजी काठी बी मोजून बगा की. टाकी रिकामी करा, मापानं भरा."

एकशेचाळीस लिटरची टाकी रिकामी करून भरायची म्हणजे दीड-दोन तासांचं काम. शेठना परत जायचं होतं. मी काठी हातात घेतली. खिशातली मोजपट्टी लावली. पहिली खाच आणि दुसरी खाच यांतलं अंतर वेगळं, दुसरी-तिसरीतलं वेगळं. मधल्या खाचा जवळजवळ, टोकाच्या लांब लांब. मी ती काठी मामांना परत दिली आणि म्हणालो, "मामा, तुमच्या खाचा एकसारख्या अंतरावर नाहीत. ह्याला माप म्हणत नाहीत."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय. मामा काठी सीटमागं ठेवायला गेले, मग ठेवली नाही, हातातच धरली.

मी दुकानाच्या कागदावर लिहिलं: काटा, वायर, अर्थिंग, युनिट तपासले, दोष नाही. आकडे लिहिले. सही, शिक्का. शेठनी साडेतीनशे रुपये दिले. दोन दिवसांनी कळलं, मामांनी दुसऱ्या दिवशी किल्ली गोदामाच्या टेबलावर ठेवली आणि निघून गेले. शेठनी काढलं नव्हतं. पण थांबवलंही नव्हतं.

त्यानंतर मी सुखानं जेवत-झोपत होतो, हेही लिहायला पाहिजे. मला वाटत होतं मी माझं काम केलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी दुकान उघडत होतो तोच तो ट्रक दारात उभा. चालवत दिलीपशेठ स्वतः. खाली उतरले तेव्हा चेहरा असा, की मी आधी स्टूल पुढं केलं.

"नवा ड्रायव्हर ठेवला होता," ते म्हणाले. "थंडी पडली तसा काटा पुन्हा रात्रीत खाली यायला लागला. त्यालाही बोललो मी. तो भांडून गेला. मग काल ट्रक गोदामाच्या आत घेतला. टाकीला कुलूप, दाराला कुलूप. दोन्ही किल्ल्या माझ्या उशाखाली. आज सकाळी काटा पावच्या खाली." मग स्टुलावर बसले. "मिस्त्री, कुलूप मी लावलं होतं."

मी युनिट खोललं. ह्या वेळी धुतलं नाही, वाळवलं नाही, तसंच ठिबकत्या अवस्थेत हातात धरून उभा राहिलो, कारण पुढं काय करावं सुचत नव्हतं. आकडे तेच. दहा, नव्वद, एकशे ऐंशी.

हमीदभाई त्यांच्या दुकानातून बघत होते. आमची दुकानं अठरा वर्षं शेजारी. ते रेडिएटरच्या गळत्या झाळ मारून बुजवतात, मी वायरी जोडतो. करंटच्या कामात मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. पितळेतलं त्यांना किती कळतं हे माहीत होतं, पण काट्याचं काम माझं.

"क्या मिस्त्री, मय्यत में आए सरीखे कायको खडे? लाव इधर." त्यांनी युनिट घेतलं आणि फ्लोट कानाशी नेऊन हलवला. पुन्हा हलवला. मग माझ्या कानाशी धरला. आत काहीतरी हललं. अगदी बारीक आवाज, शहाळ्यात उरलेल्या घोटासारखा.

"ये तो पी के टुन्न है," हमीदभाई म्हणाले.

रेडिएटर कुठं गळतो ते बघायला त्यांच्याकडे पाण्याचा टब असतो. त्यांनी चहाच्या शेगडीवर पाणी गरम केलं, टबात ओतलं आणि फ्लोट बुडवला. फ्लोट दोन पितळी वाट्या तोंडाला तोंड लावून झाळलेला असतो; त्या जोडावरच्या झाळीला केसाएवढी चीर होती. तिच्यातून आधी बुडबुड्यांची माळ निघाली आणि मग डिझेलचा एक धागा पाण्यावर पसरला, रंग दाखवत.

आता सगळं उघड होतं. दिवसभर इंजिनाकडून परत येणाऱ्या गरम डिझेलनं टाकी तापते. फ्लोटमधली हवा फुगते, आत शिरलेलं डिझेल बाहेर ढकलते, फ्लोट हलका होऊन वर येतो. रात्री टाकी गार पडते, हवा आक्रसते आणि फ्लोट चिरीतून थेंब थेंब डिझेल आत ओढतो. सकाळपर्यंत जड होऊन खाली बसतो. टाकीतलं डिझेल तेवढंच. काटा मात्र फ्लोट दाखवील तेच दाखवणार. ऑक्टोबरात मी तो तीन तास उन्हात ठेवला होता. सगळं डिझेल निथळून गेलं, आणि मी कोरड्या फ्लोटचं माप घेऊन दोष नाही असं लिहून दिलं.

समोरच्या किराणा दुकानात वजनकाटा आहे, ग्रॅम दाखवणारा. जड झालेला एक फ्लोट किती जड असतो ते मला बघायचंच होतं. पण हमीदभाईंनी त्यातलं निम्मंअधिक पाण्यात सोडलेलं. मग फ्लोट पुन्हा डिझेलच्या बादलीत बुडवून दुसऱ्या दिवशी सकाळी वजन केलं: चौसष्ट ग्रॅम. गरम करून, निथळून: एक्केचाळीस. फरक तेवीस ग्रॅम. चहाच्या कपातही ते तळाशीच राहील.

शनिवारी मी आणि दिलीपशेठ खुलताबादला निघालो. भद्रा मारुतीची गर्दी होती, गाडी तासभर अडकली. वाटेत शेठ एकदाच बोलले. "मिस्त्री, काय म्हणायचं आपण?"

"आकडे सांगायचे," मी म्हणालो. मला दुसरं काही येत नाही.

मामा भावाच्या मेंढ्या घेऊन एका रिकाम्या शेतात होते. तूर निघालेल्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या, शेतकरी त्याचं धान्य देतो. दुपारचं ऊन. मामा बाभळीखाली उभे, हातात तीच काठी. खाचा दिसत होत्या. आम्हाला बघून त्यांनी टोपी नीट केली.

मी सांगितलं. फ्लोट, चीर, तेवीस ग्रॅम, उन्हात वाळवलं ते. मामा शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग विचारलं, "मंग फ्लोट बदलला का?"

"बदलला."

"जुना टाकू नका. दावायला लागंल."

दिलीपशेठ खाली वाकले. मामांनी त्यांना दंडाला धरून वर केलं. "आरं, ऊठ. मेंढरं बगायल्यात."

"मामा, ट्रकवर चला. चार महिन्यांचा पगार देतो."

"बसल्या पगाराचं नगं. मेंढरं राखली, त्याची जवारी मिळाली." मग मेंढ्यांकडं वळले. "तुज्या बापानं मला पंपावर पैशे मोजायला लावले नव्हते कदी. म्हनायचा, काश्या, तू डिझेल आन आन् किती झालं त्ये सांग. तू मिस्त्रीला लिवून मागितलंस. ते घरी कसं सांगायचं, मला जमलं नाय. बायकूला म्हनलं, ट्रक विकला."

शेठ रडले. मी मेंढ्या मोजल्या. ब्याऐंशी होत्या.

"सोमवारी येतो दुकानात," मामा मला म्हणाले. "काठी मोजायची ऱ्हायलीय."

२४ फेब्रुवारी २०२५, सोमवार. बरोबर एकशेतेहतीस दिवस. मामा सिल्लोडहून ट्रक स्वतः चालवत आले. केबिनमध्ये त्यांची बायको सोजरबाई, डोक्यावर पदर, मांडीवर काठी. ट्रक विकलेला नाही हे त्यांना सिल्लोडला तो बघितल्यावर कळलं होतं. मामांनी काम का सोडलं होतं ते अजून कळलेलं नव्हतं.

आम्ही टाकी रिकामी केली. वीस लिटरचा मापाचा कॅन मी पेट्रोलपंपवाल्याकडून मागून आणला होता. एकेक कॅन ओतायचा, मामा काठी सोडायचे, मी बघायचो. पहिल्या कॅनला ओल पहिल्या खाचेवर. दुसऱ्याला दुसऱ्या. सातही खाचा. सगळ्यात जास्त चूक पाचव्या खाचेला, तीही अर्ध्या बोटाची.

ट्रकची मूळ टाकी कधीच गेली होती. त्या जागी आडव्या पिंपासारखी गोल टाकी बसवलेली. गोल भांड्यात तळाशी आणि वरच्या अंगाला जागा निमुळती, पोटात रुंद. वीस लिटरनं पोटात ओल थोडीच चढते, टोकांना जास्त. म्हणजे खाचा मध्ये जवळ आणि टोकाला लांब असायलाच हव्यात. एकसारख्या असत्या तर काठी खोटी ठरली असती. ही भूमिती मला नववीत शिकवलेली. मामांनी ती एकेक कॅन ओतून, एकेक खाच पाडून काढली होती.

"आता लिवा," मामा म्हणाले.

मी दुकानाचा कागद घेतला. हमीदभाईंना बोलावलं. ते हात पुसत आले आणि टबाच्या काठावर बसले. मी लिहिलं: ट्रकच्या डिझेल फ्लोटला चीर होती, काटा चुकीचा दाखवत होता, टाकीतलं डिझेल कधीही कमी नव्हतं, १४ ऑक्टोबरचा माझा दाखला चुकीचा आहे.

"काठीचं बी लिवा."

काठीचं लिहिलं. सात खाचा, सात वेळा तपासल्या, बरोबर. सही, शिक्का.

"वाचा. मोट्यानं."

मी उभा राहून वाचलं. मामा माझ्याकडं बघत नव्हते, केबिनकडं बघत होते. सोजरबाई खाली उतरल्या होत्या, ट्रकच्या चाकाजवळ उभ्या. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजी ह्यास्नी चोर म्हनले व्हते?"

मी म्हणालो, "व्हय बाई. माझ्या कागदावरून."

त्या मामांकडं वळल्या. "आन् तुमी मला ट्रक विकला म्हनलात." पदराच्या टोकानं त्यांनी मामांच्या सदऱ्यावरचा डिझेलचा डाग पुसायला घेतला. तो काही निघत नव्हता, तरी त्या पुसत राहिल्या. मामा उभे राहिले, हलले नाहीत.

मी गल्ला उघडून साडेतीनशे रुपये काढले. खोट्या दाखल्यासाठी दिलीपशेठकडून घेतलेले ते पैसे मला परत करायचे होते. मामांना म्हणालो, हे शेठना द्या, ते माझ्या हातून घेणार नाहीत.

मामांनी ते घेतले, मोजले, सदऱ्याच्या एका खिशात ठेवले. "हे दिलीपचं, त्येला देतो." मग दुसऱ्या खिशातून पुरचुंडी काढली. शंभराच्या तीन नोटा आणि पन्नासची एक.

"मामा, हे कशाला?"

"त्यानं लिवून घेतलं, पैशे दिले. म्या बी लिवून घेतलं. फुकटचा कागद नगं. उद्या कुनी म्हनंल, मिस्त्रीनं दया केली."

मी हमीदभाईंकडं बघितलं. ते हळूच म्हणाले, "ले लेव मिस्त्री. इनका हक है."

रुपये साडेतीनशे. रोख. दिले काशिनाथमामांनी, मिळाले मला. हजर माणसं चार.